गच्चीवरची सुकेळी

निवृत्त होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, तेव्हा मी घरातला माळा आवरायला काढला. सगळा जन्म कचेरीत फायली लावण्यात गेला, हाताला दुसरं वळण नाही. बायको म्हणाली, "जरा दम खा. माळा कुठे पळून चाललाय का?" पण मला रिकामं बसवत नव्हतं. मी स्टुलावर चढून एकेक वस्तू खाली देत होतो आणि ती खालून निकाल देत होती. दांडा तुटलेला कुकर, टाका. मुलीची शाळेतली ढाल, ठेवा. तीन छत्र्या, तिन्ही टाका. मग अगदी आतल्या कोपऱ्यात हाताला एक गाठोडं लागलं. जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं, वजनाला काहीच नाही, दाबलं की आत चुरचुर वाजणारं. गाठ सोडून पाहिलं तर केळीची वाळकी सोपटं. केळीच्या खोडाचे सोलून वाळवलेले पापुद्रे, एकावर एक नीट रचलेले.

"हे टाकू का?" मी विचारलं.

तिने वर पाहिलं. मग "असू दे" म्हणाली आणि गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून आत गेली. गॅसवर दूध नव्हतं, मला वरून ओटा स्वच्छ दिसत होता. मी ते गाठोडं धरून स्टुलावर तसाच उभा राहिलो आणि माझे कान तापले. ते गाठोडं कधीचं आणि कशासाठी आणलेलं, हे मला चांगलं ठाऊक होतं. चौदा वर्षांपूर्वी माझ्यामुळे तिचं एक मोठं नुकसान झालं होतं, आणि ते कसं झालं हे फक्त मला माहीत होतं. निदान त्या दिवसापर्यंत मी तसंच धरून चाललो होतो.

आम्ही नालासोपाऱ्याला आचोळ्यात राहतो. चार मजल्यांची बिल्डिंग, लिफ्ट नाही, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मी मूळचा साताऱ्याकडचा. मुंबईत नोकरी लागली आणि इकडे परवडलं म्हणून इकडे घर घेतलं. बायको मात्र इथलीच, आगाशीच्या बाजूची, वाडीवाल्यांच्या घरातली. केळी, पानवेली, मोगरा, मधोमध विहीर, अशी त्यांची वाडी. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईला काळजी, "पोरगी फ्लॅटात राहील का रे?" राहिली. गॅलरीत चार कुंड्या ठेवून तीस वर्षं राहिली.

त्या वाडीत राजेळी केळी होती आणि थंडीत तिची आई सुकेळी करायची. आमच्या साताऱ्याकडच्या लोकांना सुकेळी म्हणजे काय ते सांगावं लागतं. पिकलेली राजेळी सोलून आठ-दहा दिवस उन्हात ठेवायची, रोज हाताने उलटायची, ऊन उतरायच्या आत गोळा करून केळीच्या पानांत झाकून ठेवायची. झाकून ठेवली की त्यांना मध सुटतो, सकाळी पुन्हा ऊन. होता होता ती गुळाच्या रंगाची होतात, मऊ आणि चिवट, मग सोपटात गुंडाळून बांधायची. साखर नाही, दुसरं काही नाही. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांबरोबर सुकेळी ठेवली होती आणि मी एकामागून एक चार खाल्ली. तिच्या मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पसंत कोण पडलंय, पोरगी का सुकेळी?" त्या चेष्टेवर आम्ही दोघं पुढे कितीतरी वर्षं हसलो.

सासूबाई गेल्या आणि घरातली सुकेळी बंद झाली. मेव्हणा केळी कच्चीच विकून टाकतो, एवढं कोण करत बसणार म्हणतो. बायकोला ते लागून राहिलं. आपण करावी असं तिला फार वाटायचं, पण भीतीही वाटायची, आणि ती भीती काही उगाच नव्हती. लहानपणापासून तिने केळी सोलली होती, उलटली होती, कावळे हाकलले होते. पण कुठलं केळं कधी सोलायचं आणि ऊन कधी पुरे झालं, हे आई ठरवायची. आई दोन बोटांत केळं दाबायची आणि "झालं" म्हणायची. ते कसं कळतं, हे आईने कधी सांगितलं नाही आणि हिने कधी विचारलं नाही. "मी नुसती उलटत आले हो," ती म्हणायची, "करायची ती आईच." आणि मग माझ्याकडे बघून विचारायची, "मला जमेल का हो?"

मी म्हणायचो, "बघू."

माझ्या सगळ्या आयुष्याचा सारांश म्हणजे हा शब्द. कचेरीत माझ्या टिपणीच्या शेवटी "तूर्त स्थगित ठेवावे" हे ठरलेलं असायचं. खात्याची परीक्षा देऊन अधिकारी होता येत होतं. मी तिचा अभ्यास केला, पुस्तकं आणली, आणि फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी कचेरीतून लवकर घरी आलो. बदली झाली तर नव्या गावात निभेल का, हाताखालची माणसं ऐकतील का, चारचौघांत फजिती झाली तर, असे पन्नास प्रश्न होते. घरी सांगितलं की जागाच भरल्या. माझ्यामागून आलेली पोरं साहेब झाली आणि मला लोक विचारी माणूस म्हणत राहिले. मी विचारी नव्हतो, भित्रा होतो. एवढं लिहायला मला साठी उलटावी लागली.

तर त्या वर्षी तिच्या बचत गटाने शाळेच्या मैदानावरच्या प्रदर्शनात टेबल घ्यायचं ठरवलं. कोणी पापड, कोणी मसाले, कोणी गोधड्या. हिला विचारलं तेव्हा ही "सुकेळी" म्हणून बसली. घरी आली तेव्हा तिचा चेहरा काहीतरी फोडून आलेल्या पोरीसारखा झाला होता. "बोलून तर बसले," म्हणाली, "आता मागे कसं फिरू? जमेल ना हो?"

मी म्हटलं, गच्ची सोसायटीची आहे, लेखी परवानगी लागेल. मीच अर्ज लिहिला. काय सुंदर अर्ज होता तो! विषय, तीन मुद्दे, आपला नम्र, खाली सही. तो मी माझ्या बॅगेत ठेवला आणि रोज कचेरीत नेऊन रोज परत आणला. ती विचारायची, "उत्तर आलं का?" मी सांगायचो, "कमिटीपुढे ठेवणार आहेत." असे दोन आठवडे गेले. मग एक दिवस तिला जिन्यात चेअरमन भेटले आणि तिने सरळ विचारलं. ते म्हणाले, "कसला अर्ज वहिनी? खुशाल वाळवा. मला चार द्या म्हणजे झालं." ती वर आली ती हसतच. "अहो, तुमचा अर्ज तुमच्याच कमिटीत अडकलाय!" ती हसली म्हणून मीही हसलो. पण थंडीचं दोन आठवड्यांचं चांगलं ऊन मी फुकट घालवलं होतं, आणि ते तिला कळत नव्हतं अशातला भाग नाही.

मेव्हण्याने तीन घड आणून दिले. त्या दिवसापासून आमच्या घराची तऱ्हाच बदलली. ती दिवसातून दहा वेळा गच्चीवर जायची. टाकीच्या बाजूला, पोरांच्या क्रिकेटपासून लांब, तिने विटांवर चटई मांडली होती आणि त्यावर केळी ओळीने लावली होती. भावाशी फोनवर त्यांच्या घरच्या बोलीत जोरजोरात बोलायची. ती बोली मला आजही निम्मीच कळते. एरवी माझ्यासमोर ती सावकाश, पुस्तकी वाटेल इतकं शुद्ध बोलते. त्या आठवड्यात ती माझ्यासमोरही त्या बोलीत बोलून जायची आणि जीभ चावायची. एकदा मला डब्यात आदल्या दिवशीची भाजी मिळाली. मी कचेरीत तो डबा असा रागाने खाल्ला, जणू काही मला उपाशी ठेवलं होतं.

संध्याकाळी केळी झाकून खाली आली की ती एक माझ्यापुढे धरायची. "दाबून बघा ना. होतंय ना बरोबर?" मी दाबायचो आणि म्हणायचो, "मला काय कळतंय त्यातलं?" आणि ते अगदी खरं होतं. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. पण ती माझ्याकडे केळ्याचं ज्ञान मागत नव्हती. तिला एक "हो" हवा होता, आणि तो द्यायला मला काही खर्च येणार नव्हता.

नववा दिवस रविवारचा होता. दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या मुलीचं लग्न होतं, बिल्डिंग निम्मी रिकामी झाली होती. आम्ही गेलो नव्हतो, कारण सुकेळी आज उतरवायची होती. लग्नाचं जेवण बुडालं म्हणून मी जरा फुरंगटूनच होतो. सकाळी ती मला गच्चीवर घेऊन गेली. एक केळं उचललं, दोन बोटांत दाबलं आणि म्हणाली, "झालं." म्हणाली आणि स्वतःच दचकली. आईचा आवाज आल्यासारखा वाटला असेल. मग तिने दुसरं दाबलं, तिसरं दाबलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की तो चेहरा मी विसरू शकत नाही. दुपारपर्यंतचं ऊन दिलं की बास, असं तिने ठरवलं.

मेव्हणा सोपटांचं गाठोडं घेऊन स्टेशनपर्यंत येणार होता, ते आणायला ती दुपारी निघाली. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाली, "वॉचमनने पंप लावलाय. टाकी भरली तर हाक मारा हं. झाकण सैल आहे, पाणी गच्चीवर येतं."

"हो गं, जा तू," मी म्हणालो.

आमच्याकडे हा हाकेचा रिवाज आहे. खालच्या टाकीतलं पाणी पंपाने वर चढवायचं, आणि पंप लावून वॉचमन हमखास कुठेतरी जातो. टाकी भरली की जास्तीचं पाणी पाइपातून आमच्या गॅलरीवरून खाली पडायला लागतं. ते ज्याला ऐकू येईल त्याने ओरडायचं, "पंप बंद करा!" मग गेटाजवळ जो कोणी असेल तो पंपाच्या खोलीत जाऊन बटण बंद करतो. आमच्या बिल्डिंगमधली पोरं आई-बाबा म्हणायला शिकतात आणि लगेच ही हाक शिकतात.

मी चहा करून घेतला होता. पहिला घोट घेतला आणि बाहेर पाणी पडायला लागलं. आधी बारीक, मग धो धो. मी कप घेऊन गॅलरीत आलो. पाणी माझ्यासमोरून खाली जात होतं, ऊन पडून त्यात इंद्रधनुष्य दिसत होतं. वर झाकणाखालून तेवढंच पाणी गच्चीवर सांडत असणार, हे मला माहीत होतं. चटई कुठे आहे हेही माहीत होतं. मी हाक मारली नाही.

मी मुद्दाम केलं असं म्हणता येणार नाही. मी काहीच केलं नाही. नुसता उभा राहून चहा पीत होतो. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मी इतकी वर्षं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मला हायसं वाटत होतं. आता टेबल नाही, प्रदर्शन नाही, ही पुन्हा पहिल्यासारखी होणार. तिला जमलं असतं तर माझ्या सगळ्या "बघू"चं काय झालं असतं? भीती वाटत असूनही माणूस एखादी गोष्ट करू शकतो, हे माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर सिद्ध होणार होतं. ते मला सोसवत नव्हतं.

चहा संपत आला तेव्हा पाणी थांबलं. वॉचमन आला असेल, असं मला वाटलं. मग मी कप ठेवला, चपला घातल्या आणि जिना धावत चढलो. ते धावणं कोणासाठी होतं कोण जाणे, बघायला तर कोणीच नव्हतं.

गच्चीवर घोट्याएवढं पाणी साचलं होतं. टाकीजवळची चटई एका बाजूने विटांवरून सरकली होती आणि सुकेळी पाण्यात पडली होती. थोड्या वेळाने ती आली, काखेत गाठोडं. तिला धाप लागली नव्हती, ती घाईने चढून आली नव्हती, हे मला तेव्हाही जाणवलं होतं. ती उशिरा आली, तिने मला गॅलरीत पाहिलं नाही, म्हणून मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. ती पाण्यातच बसली आणि एकेक केळं उचलून पदराने पुसायला लागली.

आणि मी म्हणालो, "तरी मी म्हणत होतो."

आजवर माझ्या तोंडून निघालेल्या शब्दांत या चार शब्दांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मुळात मी काहीच म्हटलं नव्हतं. धड हो नाही, धड नाही नाही. तिने मान वर केली नाही.

तिने ती दोन दिवस पुन्हा वाळवली. तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर पांढरी बुरशी आली. तिने ती कुंड्यांतल्या मातीत पुरली आणि बचत गटाला फोन करून सांगितलं की तब्येत बरी नाही. गाठोडं माळ्यावर गेलं. मी एकदा, बरं दिसतं म्हणून, "पुढच्या थंडीत कर" असं म्हणालो. ती "हो" म्हणाली. पुढची थंडी आली आणि गेली. भावाशी ती फोनवर हळू बोलायला लागली. आणि "मला जमेल का हो?" हा प्रश्न तिने मला पुन्हा कधीच विचारला नाही. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हाही नाही. मुलीच्या बाळंतपणाला एकटी विमानाने जायचं होतं तेव्हाही नाही. मला हे लक्षात यायला कितीतरी वर्षं लागली, यावरून मी कसा नवरा होतो ते समजावं.

माळा आवरला त्या रात्री मी ठरवलं की सुकेळी आपण करायची. एकसष्टीच्या उंबरठ्यावर, हातात कधी सुरी न धरलेल्या माणसाने. मी आगाशीला गेलो तेव्हा मेव्हणा विहिरीवर पंप दुरुस्त करत बसला होता. मी राजेळीचा घड मागितला. तो म्हणाला, "भावोजी, तुम्ही? केळं सोलता तरी येतं का?" हसला, पण घड त्याने स्वतः निवडून दिला.

तो घड घेऊन बिल्डिंगच्या गेटात शिरण्याआधी मी जिन्यात कोणी आहे का ते बघून घेतलं. सांगितलं तर खोटं वाटेल, पण परीक्षेचा फॉर्म न भरता घरी आलो त्या दिवशी वाटली होती तीच भीती वाटत होती. लोक विचारतील, काका, हे काय? नासली तर हसतील. माणूस निवृत्त झाल्यावर डोक्यावर परिणाम होतो म्हणतील. जिना चढताना मी दोन वेळा थांबलो. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या वर्षी ती रोज दहा वेळा हा जिना कशी चढत असेल, हीच भीती घेऊन, आणि परत खाली आली की घरात मी.

पहिली खेप मी घाईने सोलली, कच्चट राहिली आणि लाकडासारखी वाळली. दुसरी जास्त पिकवली, तिला मुंग्या लागल्या. बायको बघत होती. हसली नाही, टोचून बोलली नाही, शिकवलंही नाही. तिसरा घड आणला त्या दिवशी ती मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "मला जमेल का गं?"

तिचा हात मेथीत थांबला. मग ती म्हणाली, "बघू."

त्यात खोच नव्हती. तिला खरोखरच माहीत नसेल. पण मी उठून गॅलरीत गेलो आणि बराच वेळ घरात आलो नाही. एवढासा शब्द किती लागतो, ते मला या वयात कळत होतं.

तिसऱ्या खेपेच्या सातव्या दिवशी मी केळी उलटत होतो तेव्हा जिन्यात पावलं वाजली. ती येत होती, एक हात कठड्यावर, एक हात गुडघ्यावर. ऑपरेशननंतर ती गच्चीवर आली नव्हती. मी खुर्ची ओढून दिली. ती टाकीच्या सावलीत बसली, श्वास खाली बसू दिला, मग वाकून एक केळं उलटलं. मग दुसरं. तिच्या हाताला काही आठवावं लागत नव्हतं.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणालो, "त्या दिवशी पाणी पडताना मला ऐकू आलं होतं. मी गॅलरीतच होतो. मी हाक मारली नाही."

ती उलटत राहिली. "माहीत आहे," म्हणाली.

"कसं माहीत?"

"रिक्षातून उतरले, गेटात आले, तर वरून पाणी. वर बघितलं तर तुम्ही कप घेऊन उभे." तिने पुढचं केळं उचललं. "पंपाच्या खोलीत मीच गेले. वॉचमन नव्हताच."

"म्हणजे पाणी तू बंद केलंस?"

"केलं. पण लगेच नाही केलं." तिने हातातलं केळं उलटून ठेवलं. "बटणावर हात ठेवून उभी राहिले. म्हटलं, आता हाक मारतील. आता मारतील. तुमची हाक आली की बंद करायचं."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मी विचारलं, "मग मला बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? केळी काय, आणखी केली असती. मला जमलं होतं हो. सकाळी दाबून बघितलं तेव्हाच मला कळलं होतं. पण ते तुम्हाला नकोय, हे त्या दिवशी दिसलं. मग हात चालेना."

ती हे रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. मी क्षमा मागितली. ती "असू दे" म्हणाली, माळ्यावरच्या गाठोड्याला म्हणाली होती तसंच.

दोन दिवसांनी ती पुन्हा वर आली. एक केळं दोन बोटांत दाबलं आणि म्हणाली, "झालं." मी म्हटलं, आता तू कर, मी हाताखाली राहतो. ती म्हणाली, "आता मला ती हौस राहिली नाही." मग सहज म्हणाली, "आणि साखर झालीय मला. खाणारही नाही." तरी तिने नखाएवढा तुकडा तोडून तोंडात घातला. चांगली झालीत की नाहीत, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी माळ्यावरून गाठोडं काढलं. सोपटं ओली करून मऊ करायची असतात, म्हणून मी पहिलं पाण्यात बुडवलं आणि वाकवलं, तर त्याचा चुरा झाला. दुसऱ्याचा झाला. चौदा वर्षांत सगळीच गेली होती. ती शेजारी बसून बघत होती. तिने तो चुरा ओंजळीत गोळा केला, गॅलरीतल्या कुंडीत टाकला आणि मला म्हणाली, "वर्तमानपत्रात गुंडाळा."

मी गुंडाळली. त्यातली चार नेऊन चेअरमनना दिली. ते आता थकलेत, त्यांना काही आठवत नव्हतं. उरलेली डब्यात आहेत.

एक दिवसाआड दुपारी पंप लागतो. टाकी भरली की पाणी आमच्या गॅलरीवरून पडायला लागतं आणि मी सगळ्यांच्या आधी ओरडतो, "पंप बंद करा!" बिल्डिंगमधली पोरं माझी नक्कल करतात. आत ती मेथी निवडत असते, नाहीतर भावाशी फोनवर हळू बोलत असते. माझी हाक तिला ऐकू जाते. ती मान वर करत नाही.